पाणी पळवणारी

दहा वर्षांची असताना मी आमच्या गावातल्या एका विहिरीचं पाणी पळवलं. निदान गाव तरी तसंच म्हणत होतं.

आमचं गाव कंधार तालुक्यात. वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, विहिरी खोदणाऱ्या गँगचे मुकादम. विहिरीच्या काठावर यारी उभी करायची, म्हणजे दगड-माती भरलेली लोखंडी बादली वर ओढणारी क्रेन. खाली सुरुंग लावायचे, पहारीनं फुटका खडक उचकटायचा आणि पाणी लागेपर्यंत खाली खाली जात राहायचं, हे त्यांचं आयुष्य. या धंद्याचे काही नियम होते आणि ते कुठे लिहिलेले नसल्यामुळे कुणी मोडत नसे. खोदकाम चालू असताना बाईनं काठावर यायचं नाही, पाणी पळतं, हा पहिला. दुसरा मला फार आवडायचा. झिरा लागला, म्हणजे खडकातून पाणी फुटलं, की त्याच क्षणी हत्यारं खाली ठेवायची. मुकादमानं ओंजळभर पाणी चाखायचं. मग सगळ्यांनी वर यायचं, गूळ फोडायचा, पहिला खडा विहिरीच्या मालकिणीच्या हातावर ठेवायचा आणि त्या दिवशी पुन्हा हत्याराला हात लावायचा नाही.

त्या दिवशी आई तापानं फणफणली होती म्हणून डबा घेऊन मी गेले. डबा बाभळीखाली ठेवून परत फिरायचं, एवढंच मला सांगितलेलं. पण मी काठावर पालथी पडले आणि आत डोकावले. खाली फडकी बांधलेली सात-आठ डोकी, धुरळा, आणि मधोमध नाना. त्यांनी वर बघितलं. बादलीत उभं राहून ते वर आले आणि सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली वाजवली. ती विहीर साठ फुटांवर गेली तरी कोरडी राहिली.

पुढची कितीतरी वर्षं लग्नात, बारशात, पाणवठ्यावर माझी ओळख एकच. "पाणी पळवणारी आली बघा." लोक हसत हसत म्हणायचे, पण घागरी बाजूला सरकवायचे. नाना स्वतः कधी तसं म्हणाले नाहीत. "तसं काही नसतं" असंही ते कधी म्हणाले नाहीत, आणि मला ते जास्त लागायचं.

मी हट्टी आहे. हे कौतुक म्हणून सांगत नाही, घरच्यांनी त्याचा पुरेसा त्रास काढलाय. ज्या भोकात डोकावल्याबद्दल मार खाल्ला, त्याहून खोल भोकात उतरायचं, असं माझ्या मनानं तेव्हाच घेतलं असावं. बारावीनंतर मी खाणकामाच्या डिप्लोमाला प्रवेश घेतला. नानांनी विचारलं, "तिथं बाया उतरत्यात का?" तेव्हा उतरत नव्हत्या. मी शिकत असतानाच नियम बदलला आणि दिवसाच्या पाळीत, देखरेखीच्या कामावर, बाईला जमिनीखाली जायची परवानगी मिळाली. मला ती बातमी वर्गात कळली आणि मी बाकावर इतक्या जोरात हात आपटला की सरांनी मला बाहेर काढलं.

नोकरी लागली ती सोन्या-चांदीच्या एका छोट्या खाणीत. उदगीरहून सकाळी निघालं की दिवस मावळेपर्यंत पोचायचं, सीमेच्या पार पलीकडे, कर्नाटकात. मोठ्या खाणी लोकांना ठाऊक असतात, ही कुणालाच ठाऊक नव्हती. जुन्या काळी कुणीतरी एका टोकानं खणून सोडून दिलेली टेकडी, झुडपांत हरवलेला एक शाफ्ट, म्हणजे खाली उतरायची उभी विहीर, आणि तीन-चार भागीदार मालक. मॅनेजरसाहेब म्हणजे मोठ्या खाणीतून निवृत्त झालेले कानडी गृहस्थ. मराठी, हिंदी आणि कानडी एकाच वाक्यात कालवून बोलायचे आणि चिडले की फक्त कानडी. टेकडीच्या पोटात पांढऱ्या गारगोटीची एक शीर तिरकी गेलेली आहे, सोनं आणि चांदी तिच्यातच आहे, असं बोअरच्या नमुन्यांवरून कळलं होतं. शाफ्टच्या तळापासून आडवा बोगदा मारत त्या शिरेपर्यंत पोचायचं, मग खरी खाण सुरू. बोलायला सोपं. एवढ्याशा कामाला मोठे ठेकेदार येईनात, जे आले ते अर्ध्यात सोडून गेले.

एका बैठकीत मालक म्हणाले, बंद करू. मी तिथली सगळ्यात कनिष्ठ, चहाच्या ट्रेजवळ बसलेली. मी उभी राहिले आणि म्हणाले, "माझ्या वडिलांची गँग हा बोगदा मारेल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. विहिरी खोदणारे लोक? मी म्हणाले, काळा खडक त्यांच्याइतका कुणी फोडलेला नाही. मालकांनी पोळ्यापर्यंत मुदत दिली. पोळ्यापर्यंत शीर लागली तर खाण चालेल, नाही तर शाफ्टवर काँक्रीटचं झाकण. साहेबांनी बाहेर आल्यावर हळूच विचारलं, "वडिलांना विचारलं आहे ना?" विचारलं नव्हतं.

मी गावी गेले. मारुतीच्या पारावर गँग जमली. यारीवाला, म्हणजे यारी चालवणारा, सगळ्यांत तोंडाळ. तो म्हणाला, "सोन्याची खान! अन् ही बी उतरनार? मग सोनं बी पळंल की!" लोक खो-खो हसले. मीही हसले, पण आतून पेटले होते.

नानांनी आधी हशा ओसरू दिला. मग म्हणाले, "बोगदा म्हंजी आडवी विहीरच की. येतो आमी. पर तू खाली यायचं न्हाई माय. तू वर बस."

"नाना, तिथं माझ्या सहीबिगर तुमची बादली हालत न्हाई."

"मंग सही वर बसून कर."

"न्हाई जमायचं."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं ते न फुटणाऱ्या खडकाकडे बघतात. पण आले. दहा माणसं, पहारी, आणि गोणपाटात गुंडाळलेली गुळाची ढेप. ढेप कशाला, असं मी विचारलंसुद्धा नाही. आमच्याकडे गँग ढेपेशिवाय गाव सोडत नाही.

पहिले आठ दिवस मी त्यांना शिकवलं. विहिरीत सुरुंग उडाला की धूर आभाळात जातो, बोगद्यात तो साचून राहतो, पंखा फिरल्याशिवाय आणि मी तपासल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. विहिरीत डोक्यावर आभाळ असतं, इथं खडक आहे, तो आधी पहारीनं ठोकून बघायचा. खणखण वाजला तर पुढं, भदभद वाजला तर मागं. माणसं हुशार. दोन वेळा सांगावं लागलं नाही. नाना तर ठोकायच्या आधीच खडकाला कान लावून बसायचे. ते मला कामावर "बाई" म्हणायचे आणि माझ्याकडे न बघता बोलायचे. मी खाली उतरले की यारीवाला वरून ओरडायचा, "सांभाळा रे, पानी पळवनारी उतरली!" मी रोज उतरायचे.

धूर शिकवला, छत शिकवलं, वायर शिकवली. पाणी शिकवलं नाही. पुस्तकात त्याचं आख्खं प्रकरण होतं आणि मी त्यात चांगले मार्क मिळवले होते. पण पाणी लागणं ही भिण्याची गोष्ट आहे, हे विहीर खोदणाऱ्याच्या मुलीच्या रक्तात उतरलेलंच नव्हतं.

आषाढ नुकताच लागला होता. त्या सकाळी मी वर ऑफिसच्या पत्र्याखाली नकाशा बघत होते. खाली बोगद्याच्या टोकाला, पुढच्या खडकात, सुरुंगासाठी भोकं पाडून झाली होती आणि अकराला दारू भरायची होती. एवढ्यात आरोळी ऐकू आली. ती आरोळी मी लहानपणापासून ओळखते. "झिरा लागलाऽऽ!"

बादलीतून एकेक जण वर यायला लागला, चिंब भिजलेला, हसणारा. हत्यारं खाली ठेवून आले होते सगळे. यारीवाल्यानं ढेप फोडली. आणि नाना गुळाचा खडा घेऊन सरळ माझ्याकडे आले. मालकीण तिथं कुणी नव्हती. त्यांनी तो खडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "घे माय."

मी तो खाल्ला. हे लिहिताना आजही कान तापतात, पण खरं ते खरं. खाणीच्या देखरेखीची जबाबदारी जिच्यावर, ती डिप्लोमावाली, बोगद्यात पाणी फुटलंय हे ऐकून तिनं गूळ खाल्ला. माझे डोळे भरून आले होते. ज्यांनी काठावरून हाकललं त्यांनी पहिला खडा माझ्या हातावर ठेवला होता, आणि त्या अर्ध्या-पाऊण तासात माझ्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं.

साहेब टेकडीच्या पलीकडून आले तोवर बोगद्यात कमरेइतकं पाणी होतं. पंपाची मोटर बुडून जळाली. ड्रिल मशीन पाण्याखाली. शाफ्टमध्ये पाणी चढताना वरून दिसत होतं.

"पाणी आलं, आणि तुम्ही गूळ वाटला?" हे त्यांनी मराठीत विचारलं. पुढचं सगळं कानडी.

दुपारी मालकांचा फोन आला. काम थांबवा, माणसं परत पाठवा. मी फोनवर म्हणाले, चूक माझी आहे, माणसांची नाही, त्यांना मी शिकवायला हवं होतं. आणि पोळा अजून लांब आहे. मुदत पोळ्यापर्यंतची होती, शब्द तुमचाच आहे. मग ते म्हणाले, पोळ्याच्या पुढं एक दिवसही नाही.

बाहेर गँग मान खाली घालून बसलेली. आपण काय केलं हे त्यांना आता कळलं होतं. कुणीतरी पुटपुटलं, "बाई खानीत उतरली, तवाच वळखायला पायजे हुतं." आणि माझा तोल गेला.

"का हो," मी म्हणाले, "माझ्या पायगुणानं पाणी पळतं ना? दहा वर्षांची होते तेव्हापासून ऐकत आलेय. मग आता पळायला नको? एवढी वर्षं नको तिथं पळवलं म्हणता, आता पाहिजे तिथं पळवते. उद्यापासून रोज सगळ्यांच्या आधी मी उतरणार. बघू या कसं पळत नाही ते!"

आधी कुणी हसलं नाही. मग यारीवाला फिसकन हसला, आणि मग सगळेच. नाना हसले नाहीत. ते उठून साहेबांकडे गेले.

"सायेब, येक इचारू का? ते पानी ग्वाड न्हवतं. मी चाखलं. शिळं हाय. लोखंडाचा वास मारून राहिलं."

"म्हणजे?"

"झिऱ्याचं पानी जिवंत असतंय. हे लई दिसाचं कोंडलेलं हाय. इहिरीला असलं पानी लागलं, की जवळ बुजलेली जुनी हीर हाय म्हनून समजायचं."

साहेब बाकावर बसले. चष्मा काढला. मलाही तेव्हाच कळलं. जुन्या लोकांनी दुसऱ्या टोकाकडून खणलेली खाण, जिचा नकाशा कुणाकडे नव्हता, ती आमच्या बोगद्यापुढं पाण्यानं तुडुंब भरून उभी होती. एका बारीक भोकातून एवढं पाणी आलं. अकरा वाजता दारू भरून सुरुंग उडवला असता तर मधली भिंत गेली असती. धूर निवळल्यावर आत जाणाऱ्यांत पहिले नाना असते, दुसरी मी. झिरा लागला की हत्याराला हात लावायचा नाही, त्या एका नियमामुळे दारू भरली गेली नव्हती. ज्या गुळानं पंप बुडवला, त्यानंच आम्हाला वाचवलं.

साहेब मला एवढंच म्हणाले, "जुने लोक सोनं सोडून दुसरीकडे कशाला खणतील? पाणी जिथं आहे, शीर तिथंच आहे."

आता फक्त ते पाणी काबूत ठेवून काढायचं होतं. आधी दोन पंप लावून शाफ्ट आणि बोगदा कोरडा केला, त्या भोकात लाकडी खुंटी ठोकली. मग पुढची भिंत न फोडता तिच्यात लांब, बारीक, आडवी भोकं पाडायची, प्रत्येकात पाइप बसवायचा, पाइपला व्हॉल्व्ह लावायचा आणि जेवढं पंपाला झेपेल तेवढंच पाणी सोडायचं. पुस्तकात हे होतं. मशीन मात्र कुठून आणायचं, हे पुस्तकात नव्हतं.

"त्येच्यात काय?" यारीवाला म्हणाला. "आडवं बोअरच की ते!"

खरंच की. आमच्याकडे विहिरीचं पाणी आटलं की तळाशी उतरून चारी अंगांना आडवी बोअरं मारतात, दूरचं पाणी ओढून आणायला. गावोगाव ते मशीन आहे. उदगीरच्या एका बोअरवाल्याला फोन गेला आणि तिसऱ्या दिवशी तो टेम्पोतून सगळं सामान घेऊन हजर. पाणी आणायची कला आम्ही पाणी घालवायला वापरली.

पुढचे पाच-सहा आठवडे मी दुसरं काही जगले नाही. उजाडलं की सगळ्यांच्या आधी बादलीत पाय ठेवायचा, खाली जायचं, व्हॉल्व्हच्या काट्यावरचा दाब वहीत लिहायचा. पहिले दहा दिवस काटा हलला नाही. अंगावरचे कपडे वाळत नव्हते, पायाची बोटं पांढरी पडली. दोनदा पंप बंद पडला आणि दोनदा आम्ही तो पाण्यात उभं राहून उघडला. साहेब म्हणाले, एक दिवस सुट्टी घे. मी म्हणाले, काटा खाली आला की घेते. अकराव्या दिवशी काटा केसभर खाली आला. वर येऊन मी नुसतं बोट खाली करून दाखवलं, तर यारीवाल्यानं यारी थांबवून टाळ्या वाजवल्या. त्यानंतर "पानी पळवनारी उतरली" असं तो रोजच ओरडायचा, पण आता आवाजात उत्साह असायचा, आणि मला त्याचा राग येईनासा झाला.

पाइपमधून नुसती हवा यायला लागली तेव्हा पोळ्याला तीन दिवस उरले होते. भिंत सुरुंगानं नाही, छिन्नी-पहारीनं फोडायचं ठरलं. नाना आणि मी पुढं. भोक माणूस जाईल एवढं झालं, तशी पलीकडून गारठलेली, कुबट हवा आली. मी ती मीटरनं तपासली, पंखा फिरू दिला, पुन्हा तपासली. मग आत दिवा धरला. जुन्या माणसांच्या छिन्नीचे घाव भिंतीवर तसेच होते. आणि त्यांच्या वर, छतातून तिरकी खाली उतरत, हातभर रुंद पांढरी गारगोटी, मध्ये करड्या रेघा.

"हेच व्हय सोनं?" मागून कुणीतरी नाराज होऊन विचारलं. "पिवळं कुटं हाय?"

पिवळं काही नसतं. टनभर दगड दळला की चिमूटभर निघतं, हे मी त्यांना समजावत होते. पण मागून आत आलेल्या साहेबांनी त्या रेघेला तळवा लावला आणि तो काढलाच नाही. त्यांनी तिथूनच वर निरोप पाठवला, मालकांना कळवा, शीर लागली.

माणसं वर गेली. नाना मागं राहिले. छत ठोकत होते, उगाच, दोनदा ठोकलेलंच.

"पळालं बघ तुझं पानी," ते म्हणाले.

मी हसले.

"त्या इहिरीचं पानी तुझ्यामुळं न्हाई गेलं," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "पानी बघनाऱ्या पानाड्यानं बाभळीखाली जागा दावली हुती. मालकाला हीर बांधाच्या कडंला पायजे हुती. मी मालकाचं आयकलं. वीस पावलं चुकलो मी. तू डोकावली त्येच्या आदीच मला ठावं हुतं, तितं पानी न्हाई."

मला राग आला. इतकी वर्षं. त्या घागरी, ती लग्नं, तो हशा. आणि कानाखालची ती चपराक, सगळ्यांसमोर.

"का न्हाई सांगितलं नाना?"

"मुकादम जागा चुकला म्हनल्यावर गँग ऱ्हाते का हाताखाली? तू ल्हान हुती. वाटलं, इसरशील."

"मी विसरले न्हाई."

"दिसून राहिलं की ते," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. म्हातारे झाले होते. मला दया आली, पण रागही गेला नाही, दोन्ही एकत्र होतं.

मी म्हणाले, "मला एकटीला इथं जमिनीखाली सांगून भागायचं न्हाई. चपराक वर मारली होती. वरच सांगा. सगळ्यांसमोर."

त्यांनी पहार उचलली आणि ते बादलीकडे चालू लागले.

पोळ्याला आम्ही सगळे गावी आलो. बैल सजले, मिरवले, वेशीतून परत आले. संध्याकाळी नाना ढेप काखेत मारून निघाले आणि मला म्हणाले, चल. मागून गँग, गँगमागून अर्धा गाव. ती कोरडी विहीर अजून तशीच आहे, कडेला घाणेरी माजलेली. नाना काठावर उभे राहिले आणि टोपी काढली.

"ही हीर माझ्यामुळं कोरडी हाय," ते म्हणाले. "जागा मी चुकलो. ह्या पोरीचा कायबी संबंद न्हाई. मी तिला मारलं अन् गप ऱ्हायलो."

यारीवाला खाली बघत होता. नानांनी ढेप दगडावर आपटून फोडली, पहिला खडा उचलला आणि माझ्यापुढं धरला. मी लगेच घेतला नाही. आधी काठावर गेले, दहा वर्षांची असताना पडले होते तशी पालथी पडले, आणि पोटभर आत बघितलं. मला कुणी उठवलं नाही.

मग उठले, कपडे झटकले आणि गूळ घेतला.